गाडीत साऊंड बसवायचाय? आधी गाडी बघा

आपल्या बचत गटांत हल्ली गाडी घ्यायचा विषय निघतो. पांढरा कांदा, सुकट, पापड घेऊन अलिबागच्या नाहीतर मुरूडच्या बाजाराला जायचं, आणि परत येताना पोरांना शाळेतून घ्यायचं. गाडी एकच, कामं दहा. आणि घरातला तरुण मुलगा लगेच विचारतो, "आई, साऊंड सिस्टीम कुठली बसवायची?" हसण्यावारी नेऊ नका. हप्ते आपण भरणार आहोत, तर या प्रश्नाचं उत्तरही आपल्याला यायला हवं.

आधी हे ठरवा की आवाज आत ऐकायचा आहे की बाहेर पोचवायचा आहे. आत गाणी, बातम्या ऐकणं निराळं आणि वाडीत "ताजं म्हावरं आलंय" असं भोंग्यावर सांगणं निराळं. दोन्हींचं सामान वेगळं आणि कायदाही वेगळा.

आतल्या आवाजाचं बघू. मिनिडोअरला चांगला साऊंड लावून उपयोग नाही. बाजू उघड्या, इंजिनाची धडधड मोठी, पैसे वाऱ्यावर जातात. छोटा हत्ती किंवा ईको माल वाहायला उत्तम, पण दोन्हींत इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. वर ईकोची मागची जागा म्हणजे मोठा पत्र्याचा डबा. खालच्या सुरातला आवाज वाढवला की पत्रा थरथरतो आणि गाण्याबरोबर खडखड ऐकू येते. इंजिन पुढे बॉनेटखाली असलेल्या बंद छोट्या कारमध्ये साधे स्पीकरसुद्धा गोड वाजतात. पण तिच्यात कांद्याच्या गोणी किती बसणार? गटाचा धंदा मालाचा असेल तर मालाची गाडी घ्या आणि गाण्याची अपेक्षा कमी ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीएनजीचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. बऱ्याच छोट्या गाड्यांत टाकी डिकीत बसते. मग तिथे मोठा बेसचा डबाही मावत नाही आणि मालही. रोज लांबचं जाणं असेल तर गॅस हवाच, डब्याचा हट्ट सोडावा.

गाडी बघायला जाल तेव्हा शोरूमच्या दारात गाणं ऐकून भुलू नका. उभी गाडी शांतच असते. काचा लावून खड्ड्यांच्या रस्त्यावर चालवून बघा आणि मागे बसलेल्या ताईशी नेहमीच्या आवाजात बोला. ओरडावं लागलं तर त्या गाडीत रेडिओही ओरडूनच ऐकावा लागेल. दारावर मूठ आपटून बघा. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला तर दार पातळ आहे, त्याला आतून जाड पट्टी चिकटवण्याचा खर्च धरा. सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये दारात स्पीकरची जागा आणि वायर दिली आहे का, तेही विचारा. दिली असेल तर पुढचं काम सोपं.

आता विजेचा हिशेब. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. वॅटला १२ ने भागलं की अँपिअर येतात. १२० वॅट ओढणारी सिस्टीम १० अँपिअर घेते. छोट्या कारची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. इंजिन बंद ठेवून एवढी सिस्टीम वाजवली तर कागदावर साडेतीन तास निघतात, पण गाडी सुरू करायला बॅटरीत ताकद लागते, ती त्याच्या बरीच आधी संपते. पावसात वायपर, दिवे, पंखा एकदम चालू असतात, तेव्हा तर भार आणखी वाढतो. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. पीएमपीओ लिहिलेला आकडा क्षणभराचा आणि फुगवलेला असतो, आरएमएस विचारा. आणि वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला थोडाच फरक कळतो, खिशाला मात्र पुरता कळतो.

आपल्याकडची खरी अडचण खारी हवा. रेवदंडा, काशीद, दिघी, कुठेही समुद्राकाठी गाडी उभी राहिली की तांब्याच्या तारेला हिरवी बुरशी धरते, मग स्पीकर कधी वाजतो कधी नाही. कथिलाचा मुलामा दिलेली तार मागा, बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावा. कागदी पडद्याऐवजी प्लास्टिकच्या पडद्याचा स्पीकर दमट हवेत जास्त टिकतो. मासळी उतरवल्यावर पाइपने गाडी धुता ना? स्पीकर आणि जोडण्या खाली जमिनीलगत बसवू देऊ नका. जास्त वॅटच्या सिस्टीमची तार थेट बॅटरीवरून येते. तिला बॅटरीजवळच फ्यूज असलाच पाहिजे, नाहीतर तार घासली की आग लागू शकते. कंपनीची वायर कापून जोड देणाऱ्याला थांबवा, कपलर लावूनच काम करून घ्या. वायर कापली की वॉरंटीचा वाद निघतो.

भोंग्याबद्दल थोडंच. सार्वजनिक जागी लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आधी पोलीस ठाण्यात विचारा. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. शाळा, दवाखाना, कोर्टाभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. कोळीवाड्याच्या गल्लीला छोटा भोंगा पुरतो.

आणि पैसे. विक्रेता म्हणतो, "ताई, सिस्टीम कर्जातच टाकू." २०,००० रुपये पाच वर्षांच्या, दहा टक्के व्याजाच्या कर्जात टाकले तर महिन्याला साधारण ४२५ रुपये, म्हणजे एकूण जवळपास २५,५०० जातात. गाडी कर्जावर घ्या, आवाज सहा महिन्यांनी रोखीने घ्या. तोवर कंपनीचा रेडिओ ऐका. गटाच्या नावावर गाडी असेल तर सिस्टीम कोणाच्या पैशाची, हे ठरावात लिहा, बिल वेगळं घ्या. पुढे गाडी विकताना तो डबा कोणाचा, यावरून बहिणी-बहिणींत भांडण नको.