विष सापडले नाही, तरी विषप्रयोग सिद्ध झाला

जळगाव-भुसावळ रस्त्यावरच्या नशिराबादच्या शिवारात विहिरीत एखादा मृतदेह आढळला, की पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचांसमक्ष पंचनामा होतो आणि मग शवविच्छेदन. १ जुलै २०२४ पासून ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. डॉक्टरांपुढचा प्रश्न मात्र जुनाच आहे: माणूस बुडून मेला, की मेल्यावर पाण्यात टाकला गेला?

याचे उत्तर कधी कधी मांडीच्या हाडात मिळते. विहिरी-नद्यांच्या पाण्यात डायटम नावाचे, वाळूसारख्या सिलिकाचे कवच असलेले सूक्ष्म शैवाल असते. बुडणारा माणूस पाणी फुफ्फुसात ओढतो आणि हृदय चालू असल्यामुळे डायटम रक्तावाटे हाडाच्या मज्जेपर्यंत पोहोचतात. थांबलेले हृदय त्यांना तिथवर नेत नाही. म्हणून मज्जेबरोबर त्याच विहिरीचे पाणीही तपासून दोन्हींकडचे डायटम ताडून पाहतात. केवळ या एका चाचणीवर निकाल देऊ नये, असे तज्ज्ञ बजावतात आणि ते योग्यच आहे.

खानदेशच्या उन्हाळ्यात मृतदेह लवकर ताठरतो, लवकर सैल पडतो आणि कुजूही लवकर लागतो. मृत्यूची वेळ ठरवण्यासाठी थंड देशांतल्या ग्रंथांत दिलेले तास इथे लागू पडत नाहीत. जयसिंग मोदी यांचे भारतीय अनुभवावर आधारलेले वैद्यकीय न्यायशास्त्राचे पुस्तक १९२० साली निघाले, त्याचे मोल यासाठी मोठे.

उशिरा झालेल्या तपासणीने काय हातचे जाते, हे पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे प्रकरणात दिसले. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री डॉ. अनंत चिंतामण लागू या मधुमेही विधवेला घेऊन पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसले. पहाटे बेशुद्धावस्थेत तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, तेही खरे नाव न सांगता. त्याच दिवशी ती गेली. मृतदेह बेवारस ठरला. शवविच्छेदन झाले ते २३ नोव्हेंबरला, दहा दिवसांनी. रासायनिक तपासणीत विषाचा मागमूस नव्हता. मधुमेहाने आलेली बेशुद्धी, असे कारण नोंदले गेले.

इकडे नातेवाइकांना लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येत होती: मी लग्न केले, दूर राहते, शोधू नका. मेलेल्या बाईची पत्रे! तिची मालमत्ता लागूंच्या हाती जात होती. न्यायालयाने खोटे नाव, बनावट पत्रे, मृत्यूनंतरची लपवाछपवी हे सारे दुवे जोडले. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लागूंची फाशी कायम केली. न्या. हिदायतुल्लांनी बहुमताचा निकाल लिहिला, न्या. सरकार यांचे मत वेगळे पडले. विष सापडलेच पाहिजे असे नाही, परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा भक्कम असेल तर दोष सिद्ध होतो, हे तत्त्व आजही याच निकालावरून सांगितले जाते.

त्याच सुमारास, १९५७ मध्ये, इंग्लंडात केनेथ बार्लो नावाच्या माणसाची पत्नी स्नानाच्या टबात मृत आढळली. डॉक्टरांनी त्वचा भिंगाखाली इंचाइंचाने पाहिली आणि सुईच्या खुणा गवसल्या. तिथल्या ऊतींचा अर्क उंदरांना टोचताच ते इन्सुलिन दिल्यासारखे कोसळले. तपासणी वेळेवर झाली, म्हणूनच हे शक्य झाले.

आपल्याकडे विषाची शंका असली की जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग व्हिसेरा म्हणून बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात. फॉर्मालिन वापरत नाहीत, कारण त्याने ऊती कडक होतात आणि विष वेगळे काढणे अवघड जाते. मृतदेह एकदा जाळला की यातले काहीच उरत नाही. म्हणून घरात अचानक, कारण न कळता कुणी गेले, तर 'आता कशाला चिरफाड' म्हणून शवविच्छेदन टाळू नका. पोलिसांना कळवा आणि व्हिसेरा राखून ठेवला का, हे अंत्यसंस्कारापूर्वी विचारा.