संगणक चालू होत नाही, त्याची चौकशी

विजेचे उगमस्थान जवळ असणे आणि वीज आपल्या दारी पोहोचणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हे डहाणूकरांना वेगळे सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र १९९५ पासून उभे असले, तरी त्याची वीज उच्चदाबाच्या तारांवरून मुंबईच्या उपनगरांची सरबराई करण्यास जाते, आणि खुद्द तालुक्यातील घरे महावितरणच्या खांबांकडे डोळे लावून बसतात. सुटे भाग आणून घरी बांधलेल्या संगणकाच्या बाबतीतही हाच भेद ध्यानात ठेवावा लागतो. बटण दाबले, पंखा हलला नाही, दिवा लागला नाही, की नवशिका मनुष्य ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल देऊन मोकळा होतो. वस्तुतः नव्या बांधणीत दोष पुष्कळदा भागांत नसून त्यांच्या जोडणीत असतो, आणि वीज नेमकी कोणत्या टप्प्यावर अडली एवढेच शोधून काढावयाचे असते.

ह्या घाईची किंमत मुंबईत राहणाराला फारशी जाणवत नाही. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे १२४ किलोमीटर; लॅमिंग्टन रोडचा, संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार गाठावयाचा तर ग्रँट रोडला उतरावे लागते. तलासरी गावात तर रेल्वे स्थानकच नसल्यामुळे तेथील मनुष्य महामार्गाने वापीकडे वळतो किंवा डहाणूस येऊन गाडी धरतो. एवढा प्रवास करून नेलेला भाग दुकानदाराने आपल्या टेबलावर सुरळीत चालवून दाखविला, म्हणजे दिवसही गेला आणि संशयही कायम राहिला. म्हणून तपासणी घरीच, भिंतीपासून आत, एकेका टप्प्याने करावी.

प्रथम भिंतीचा सॉकेट. त्यात दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे, एक्स्टेंशन बोर्ड वगळावा, केबल बदलावी. बोर्डी-घोलवडच्या खाऱ्या हवेत सॉकेटच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढून पकड सैल होते, हेही विसरू नये. त्यानंतर एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरविणाऱ्या पेटीच्या, पाठीमागील स्विच पाहावा, कारण तो बंद राहिल्यामुळे हैराण झालेली माणसे थोडी नाहीत. जुन्या घडणीच्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे लिहिलेली लाल सरकपट्टी असते. ती आपल्याकडे २३० वरच हवी, अन्यथा धूर निघण्याचा प्रसंग येतो. ट्रान्स्फॉर्मरपासून दूर असलेल्या ज्या पाड्यांवर सायंकाळी दाब फार घसरतो, तेथे हलक्या प्रतीचा एसएमपीएस रात्री अडतो आणि सकाळी निमूट चालतो. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर तो अर्थिंग नसल्याचा दाखला समजावा. यंत्र चालू न होण्याचे ते कारण नव्हे, तरी वायरमनला बोलावून त्याचा बंदोबस्त आधी करावा.

आता बटणाचे रहस्य. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही रचना रूढ केली, तेव्हापासून दर्शनी बटण विजेचा मार्ग स्वतः जोडीत नाही. कचेरीत अर्ज देणाऱ्या पक्षकाराप्रमाणे ते मदरबोर्डापुढे केवळ विनंती ठेवते. एसएमपीएसकडून ५ व्होल्टची राखीव वीज मदरबोर्डाला अखंड मिळत असते. तिच्या बळावर मदरबोर्ड हिरव्या तारेचा दाब शून्यावर आणतो, मग एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य प्रवाह सोडतो, आणि ते स्थिर झाले की करड्या तारेवरून तशी वर्दी देतो. ह्या साखळीतील कोणताही दुवा निखळला, तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच: निःशब्दता.

म्हणून २४ पिनांचा मोठा जोड आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा जोड, खटका ऐकू येईपर्यंत दाबून बसवावेत. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल दिसावयास सारखी असली, तरी ती प्रोसेसरसाठी नव्हे. त्यानंतर कॅबिनेटच्या बटणाची बारीक तार मदरबोर्डाच्या पुस्तिकेप्रमाणे, बहुधा सहाव्या व आठव्या पिनेवर आहे ना, हे पाहावे. ह्या तारेला उलटसुलट नसते; मात्र दिव्याच्या तारेला असते. बटणाचाच संशय असल्यास त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. यंत्र जागे झाले, तर दोषी बटण किंवा त्याची तार, मदरबोर्ड नव्हे.

पंखा किंचित हलून थांबत असेल, तर कोठेतरी शॉर्ट असल्याने संरक्षक यंत्रणा प्रवाह तोडीत आहे, असा संशय घ्यावा. मदरबोर्डाखाली जेथे भोक नाही तेथे राहून गेलेला पितळी स्टँडऑफ (मदरबोर्डाला टेकू देणारा खुंटा), किंवा घरंगळलेला स्क्रू, हे त्याचे नित्याचे कारण. अशा वेळी केबल काढून, बटण एकदा दाबून उरलासुरला भार उतरवावा, आणि मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच जोडून पाहावे. येथे चालला, तर दोष कॅबिनेटच्या बसवणीत.

तरीही शांतताच असेल, तर एसएमपीएस सर्वांपासून सुटा करून २४ पिनांच्या जोडातील हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी जोडावी, आणि पिवळ्या-काळ्या तारांमधला दाब मल्टिमीटरने मोजावा: ११.४ ते १२.६ व्होल्ट हे मान्य प्रमाण. काही नव्या एसएमपीएसच्या सर्व तारा काळ्या असतात. तेथे पिनांचे स्थान पुस्तिकेतूनच ओळखावे. बिनभाराच्या ह्या परीक्षेत तो उतरला म्हणजे भारही सोसेल असे नव्हे. पण येथेच नापास झाला, तर संशयित सापडला. त्याची पेटी मात्र कदापि उघडू नये; आतील कपॅसिटरांत तीनशेहून अधिक व्होल्ट, केबल काढल्यानंतरही काही काळ टिकून असतात.

पंखे फिरतात पण पडद्यावर चित्र नाही, हे प्रकरण निराळे: तेथे रॅम पुन्हा बसवावी, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावली आहे ना, हे पाहावे.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम कागदावर टिपून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर आनंद होतो, पण कारण कळत नाही, आणि पुढच्या वेळी चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. तो कागद घेऊन ग्रँट रोडला जाणारा ग्राहक ‘संगणक चालत नाही’ एवढीच तक्रार सांगत नाही. कोणता भाग, कोणत्या परीक्षेत, किती व्होल्टला नापास झाला ते सांगतो, आणि वॉरंटीतला तो भाग बदलून देण्यास दुकानदाराला फारशी टाळाटाळ करता येत नाही.