कात्रीतून आलेला ब्रूस ली

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ तमिळमध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि त्यात नायक कुंदन मेलाच नाही. हक्क बाळगणाऱ्या इरॉस कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून शेवट बदलून घेतला होता. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला. हक्क आमचे आहेत, असं कंपनीचं उत्तर आलं. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं, अशी हाकाटी मग बरेच दिवस चालली. ऐंशीच्या दशकात चंदीगडात ज्यांनी कुंगफूचे सिनेमे पाहिले, त्यांना ती ऐकून हसू आलं असणार. त्यातला धड, आहे तसा, एकही सिनेमा आमच्यापर्यंत पोचला नव्हता.

सत्तरचं दशक मी इथे झटपट उरकतो. हाँगकाँगमध्ये रेमंड चाव यांची गोल्डन हार्वेस्ट आणि शॉ बंधू धडाधड सिनेमे काढत होते, ब्रूस ली २० जुलै १९७३ ला गेला, ‘एंटर द ड्रॅगन’ त्याच्या मृत्यूनंतर लागला. हे सगळ्यांना पाठ आहे. अमेरिकेत शिरताना या सिनेमांचं बारसं दुसऱ्यांदा झालं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९७१ चा ‘द बिग बॉस’ तिथे ‘फिस्ट्स ऑफ फ्युरी’ झाला आणि १९७२ चा खरा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ झाला ‘द चायनीज कनेक्शन’. ‘वे ऑफ द ड्रॅगन’ आधीचा असूनही ‘रिटर्न ऑफ द ड्रॅगन’ या नावाने ‘एंटर’च्या मागून आला. या गोंधळाची फळं आम्ही दहा वर्षांनी सेक्टर बावीसच्या कॅसेटवाल्याकडे चाखली. मागावा एक, निघावा दुसरा, आणि भाडं परत नाही.

वडिलांच्या बदलीमुळे आम्ही चंदीगडकर झालो. घरात मराठी, गल्लीत पंजाबी, आणि सेक्टर सतराच्या चौकात नीलम, जगत आणि केसी. नीलमची इमारत आदित्य प्रकाश यांनी रेखलेली; पण त्या वयात स्थापत्य कोण बघतो? आमची नजर पोस्टरवरच्या उघड्या छातीवर आणि तिच्यावरच्या तीन ओरखड्यांवर. सिनेमा सुटला की पोरं चौकातच हवेत लाथा मारत सुटायची. हॉकीची मोडकी काठी आणि सायकलची चेन मिळाली की घरोघरी नानचाकू तयार. पहिला फटका बहुतेकांना आपल्याच कानशिलावर बसे.

त्याच हत्याराची इंग्लंडात काय दशा होती, हे फार उशिरा कळलं. तिथले सेन्सॉरप्रमुख जेम्स फर्मन यांना नानचाकूची इतकी धास्ती, की १९७९ मध्ये ‘एंटर द ड्रॅगन’ परत मागवून त्यांनी ती दृश्यं काढून टाकली. ती परत यायला २००१ उजाडलं. निन्जा कासवांच्या दुसऱ्या सिनेमात एक कासव सॉसेजची माळ गरगर फिरवतं. तीही फर्मनसाहेबांना नानचाकूसारखी दिसली आणि कापली गेली. शहाण्या देशांचं शहाणपण!

आमची अवस्था याहून गमतीची होती. ‘एंटर द ड्रॅगन’च्या सुरुवातीला ली आणि त्याच्या शाओलिन गुरूमधला संवाद आहे: शत्रू प्रतिमांच्या आड दडतो, प्रतिमा फोडली की शत्रू हाती लागतो. हाँगकाँगच्या प्रेक्षकांनी तो पाहिला. बाहेर पाठवताना वॉर्नर ब्रदर्सने तो गाळला, थेट १९९८ पर्यंत. त्यामुळे शेवटी ली आरसेमहालातले आरसे का फोडतो, तर खलनायक दिसत नाही म्हणून, एवढंच आमच्या पदरात पडलं. एक अख्खी पिढी ब्रूस ली म्हणजे किंकाळी आणि लाथ असं समजत वाढली, आणि विचार करणाऱ्या माणसाला आधीच फिल्मच्या डब्यातून बाहेर काढलं होतं. त्यावर आपल्या सेन्सॉरची कात्री, आणि तिच्यावर ऑपरेटरची. सेक्टर सतरातल्याच एका थिएटरात मॅटिनी वेळेत आटपायची म्हणून एक रीळ सरळ गाळलं जाई. बॅल्कनीतून शिव्यांचा पाऊस पडे, पण रीळ काही परत येत नसे.

मग १९८४ आलं. संचारबंदीत संध्याकाळी शहर मिटून जायचं, थिएटरं ओस पडायची. एशियाडनंतर घरोघरी रंगीत टीव्ही आले होतेच. रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि दारं लावून चार-चार सिनेमे बघायचे. बाहेर सीआरपीची गाडी, आत निन्जा. त्या कॅसेटांमध्ये गॉडफ्रे हो नावाच्या महाभागाचा माल भरपूर. कुठलातरी पडून राहिलेला आशियाई सिनेमा स्वस्तात घ्यायचा, रिचर्ड हॅरिसनला निन्जाच्या वेशात उभं करून थोडे प्रसंग चित्रित करायचे आणि दोन्हींची गोधडी शिवायची. दोन गोष्टींतली माणसं एकमेकांशी फक्त फोनवर बोलत, कारण ती कधी एका खोलीत आलेलीच नसत. तरी त्याचा मला राग नाही. भंगारवाल्याने भंगार भंगार म्हणूनच विकलं.

राग येतो तो दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउजचा. लीने ‘गेम ऑफ डेथ’साठी १९७२ मध्ये केलेलं चित्रण या गृहस्थाच्या हाती पडलं. त्यातली जेमतेम अकरा मिनिटं ठेवून त्याने १९७८ मध्ये तोतया नायकांचा सिनेमा जोडला. एका प्रसंगात आरशावर लीच्या तोंडाचं कागदी चित्र चिकटवलंय, आणि कथेतल्या खोट्या मृत्यूसाठी लीच्या खऱ्या अंत्यदर्शनाची फिल्म वापरलीय. रात्री बाराला ते शवपेटीतलं तोंड बघून माझी आई उठून गेली. ‘मेलेल्या माणसाला तरी सोडा रे,’ एवढंच म्हणाली. मूळ चित्रणातला मोठा भाग, त्यातल्या बोलण्यासकट, २००० साली जॉन लिटलच्या माहितीपटातून बाहेर आला, तेव्हा आमच्या गल्लीतले निम्मे नानचाकूवाले कॅनडाला पोचले होते.

नव्वदनंतरचं थोडक्यात. अमेरिकी वितरकांतल्या हार्वी वाइनस्टाइन नावाच्या कसायाने जॅकी चॅनचा ‘ड्रंकन मास्टर २’ इंग्रजीत डब केला, शेवटचा प्रसंग कापला. ‘शाओलिन सॉकर’ अडवून, छाटून २००४ मध्ये सोडला, तोवर जगाची त्याची सीडी पाहून झाली होती. सबटायटल्स वाचायला प्रेक्षक तयार नसतो, हे त्याचं पालुपद. त्यानेच दोन वर्षं दाबून ठेवलेला ‘हीरो’ सबटायटल्ससकट अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढे वाइनस्टाइन तुरुंगात गेला ते वेगळ्या आणि फार मोठ्या पापांसाठी. जपानी लोक त्याला बरोबर ओळखून होते. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ला हात लावू नये म्हणून दिग्दर्शक मियाझाकींच्या निर्मात्याने त्याला चक्क तलवार भेट दिली. जॅकीने तर उलटा डाव टाकला: अमेरिकनांनी १९८५ मध्ये त्याला घेऊन केलेला ‘द प्रोटेक्टर’ त्याला पसंत नव्हता, म्हणून हाँगकाँगसाठी त्याने नवे प्रसंग घेऊन तो स्वतःच पुन्हा बांधला. कात्री कलाकाराच्या हातात असली की काय होतं, याचं तेवढं एक उदाहरण माझ्या संग्रही आहे.

आता केसी राहिलं नाही, कॅसेटवाला राहिला नाही, रीळही राहिलं नाही. कात्री मात्र शाबूत आहे. २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’चं तेहतीस सेकंदांचं चुंबन आपल्या सेन्सॉरने कापलं; जगाचं रक्षण करणाऱ्या माणसापासून आपलं रक्षण झालं. त्याआधी, एप्रिल २०२४ मध्ये, देव पटेलचा ‘मंकी मॅन’ जगभर लागला. हनुमानाच्या कथेवर बेतलेला, भारतातल्याच एका काल्पनिक शहरात घडणारा, आमच्या पोरवयाला वेड लावील असा मारामारीचा सिनेमा. ट्रेलरमध्ये भगवे दिसलेले झेंडे सिनेमात लाल करून झाले, तरी तो इथल्या थिएटरांत आला नाही. आधी तारीख पुढे गेली, मग तारीखच उरली नाही. शेजारच्या सरदारजींच्या मुलाने तो ब्रॅम्प्टनमध्ये मोठ्या पडद्यावर पाहिला आणि लिफ्टमधली मारामारी मला व्हिडिओ कॉलवर हातवारे करून दाखवली. ऐंशीत निदान उरलंसुरलं तरी येत होतं. आता हनुमानाची गोष्ट ऐकायला चंदीगडातून कॅनडाला फोन लावायचा, तोही तिथल्या माणसाला सुट्टी असेल तेव्हा.