दोन लेकरांत तीन वर्षांचे अंतर

माता रमाई आणि बाबासाहेबांना पाच लेकरे झाली. त्यांतला एकटा यशवंत मोठा झाला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न बालपणीच गेले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. लोकांना साधने मिळावीत, ही मागणी होती. सभागृहाने ती फेटाळली. आज तीच साधने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

अंतर कशासाठी? गर्भारपणात आणि अंगावर पाजताना आईची ताकद, रक्तातले लोह खर्ची पडते. ते भरून येण्याआधी पुन्हा दिवस गेले, तर बाळ वेळेआधी किंवा अडीच किलोहून कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. असे बाळ लवकर थंड पडते, दूध नीट ओढत नाही. पहिले २८ दिवस त्याला सर्वांत अवघड. शिवाय मोठ्या लेकराचे दूधही लवकर तुटते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाळंतपणानंतर निदान २४ महिने पुढचा गर्भ राहू देऊ नये. म्हणजे दोन लेकरांत जवळजवळ तीन वर्षे. गर्भपात झाला असेल तर निदान सहा महिने थांबावे.

“अंगावर पाजतेय, दिवस जात नाहीत,” हे पुरते खरे नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतले, फक्त अंगावरच्या दुधावर आणि पाळी न आलेली, या तिन्ही गोष्टी असतील तरच त्यावर भिस्त ठेवावी.

तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते; काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. पाजणाऱ्या आईला बाळंतपणाच्या सहा आठवड्यांनंतर. ‘माला-एन’ मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नये. पुरुषांसाठी निरोध आहेच.

उधवा, तलासरी, डहाणू भागातली अनेक जोडपी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि इंजेक्शनची तारीख चुकते. निघण्याआधी आशाताईंना भेटा, गोळ्या आणि ‘अंतरा’चे कार्ड सोबत घ्या. तांबी बसवली असेल तर तारखेची चिंताच नाही.

“एकदाचे उरकून टाका,” असे सुनेला म्हणू नका. रविवारी वंदनेनंतर आशाताईंना विहारात बोलवा. नवरे आणि सासवा, दोघांनीही ऐकायला बसावे.