समजून घ्या : केमोनंतर ताप आला, सेप्सिस किती गंभीर, हे रक्त तपासणीतून कसे कळते?

धाराशिव जिल्ह्यातील परंडा, भूम भागातील कॅन्सर रुग्णांसाठी बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय जवळचे आहे. केमोथेरपी घेऊन रुग्ण गावी परततो. त्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात आलेला ताप ‘व्हायरल’ समजून अंगावर काढणे जिवावर बेतू शकते.

सेप्सिस म्हणजे काय?

जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद बिघडून स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. ‘लॅन्सेट’मधील २०२० च्या अभ्यासानुसार, २०१७ मध्ये जगभरात सुमारे १.१ कोटी मृत्यू सेप्सिसशी संबंधित होते.

नेहमीचा रिपोर्ट का फसवतो?

संसर्ग झाला की एरवी पांढऱ्या पेशी वाढतात. केमोनंतर त्या वाढूच शकत नाहीत. स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये त्या औषधामुळेच वाढतात, शिवाय ताप दबतो. त्यामुळे डॉक्टर इतर खुणाही पाहतात.

कोणती चाचणी काय सांगते?

• लॅक्टेट : २ मिलिमोल प्रति लिटरपेक्षा जास्त असल्यास अवयवांना रक्तपुरवठा कमी पडत असल्याची शंका येते.
• क्रिएटिनिन, बिलिरुबिन : मूत्रपिंड आणि यकृतावरील ताण दाखवतात.
• प्लेटलेट : सेप्सिसमध्ये घटतात, पण केमोमुळेही घटतात. म्हणून जुना रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.
• प्रोकॅल्सिटोनिन : जिवाणूंच्या संसर्गात वाढते, बुरशीच्या संसर्गात फारसे वाढत नाही. नॉर्मल आले म्हणून धोका टळला, असे नाही.
• सीआरपी : कोणत्याही दाहात, अगदी कॅन्सरमुळेही वाढते.
• ब्लड कल्चर : तीव्रता नव्हे, जंतू कोणता ते सांगते. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागू शकतात.

कोणताही एक आकडा पुरेसा नसतो. रक्तदाब, श्वासाची गती, लघवीचे प्रमाण आणि काही तासांनी पुन्हा केलेली तपासणी यांवरून चित्र स्पष्ट होते.

घरच्यांनी काय करावे?

ताप १०१ अंश फॅरनहाइटवर गेला किंवा १००.४ अंशांवर तासभर टिकला, तर सकाळची वाट पाहू नका. थंडी वाजणे, धाप, गुंगी, लघवी कमी होणे ही लक्षणे तापाशिवायही धोक्याची. १०८ वर फोन करा किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. जुने रिपोर्ट सोबत ठेवा. शेवटच्या केमोची तारीख पोहोचताच सांगा. अशा रुग्णाला तासाभरात अँटिबायोटिक मिळणे महत्त्वाचे असते. सगळे रिपोर्ट येईपर्यंत ते थांबवले जात नाही.