शर्यतीची डिस्क घरच्या गाडीला कशाला?

“ताई, भोकांची डिस्क बसवू या, शर्यतीच्या गाडीसारखी!” असं मेकॅनिक म्हणाला, तर मैत्रिणींनो, लगेच मान डोलवू नका. शर्यतीत ब्रेक पुन्हापुन्हा करकचून दाबावे लागतात. डिस्क तव्यासारखी तापते अन् भोकांच्या कडेनं तडे जाऊ शकतात. शर्यतीचे पॅड तर गार असताना नीट धरतही नाहीत. रविवार कारंज्यावर जायला कंपनीची साधी डिस्कच बरी. जाडी मात्र मोजून घ्या. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. बदलायची तर डावी-उजवी जोडीनं बदला. आणि मुलाबाळांसह मुंबईकडे कसारा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा. ब्रेक सतत दाबून तापले, तर महागडी डिस्कही ऐनवेळी दगा देईल!