पुरंदर तहातील किल्ल्यांची पुनःप्राप्ती

पुरंदरच्या तहाने (जून १६६५) मोगलांच्या ताब्यात गेलेले किल्ले व मुलूख परत मिळविण्यासाठी छ. शिवाजी महाराजांनी १६७० ते १६७२ या काळात केलेले युद्ध. मोगल साम्राज्य मनुष्यबळ, द्रव्य व तोफखाना या तिन्ही बाबतींत मराठ्यांहून कितीतरी प्रबळ होते. त्यामुळे युद्ध केव्हा सुरू करावे, कोणते स्थळ आधी घ्यावे, कोणते सोडून द्यावे आणि मिळविलेले कसे राखावे, या निर्णयांवरच त्याचे यश अवलंबून होते.

पार्श्वभूमी : मिर्झा राजा जयसिंग याने १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घातला आणि त्याच वेळी घोडदळाच्या तुकड्या पाठवून आसपासची खेडी जाळली. किल्ला लढत असला, तरी त्याच्या आश्रयाची रयत उघडी पडली. वज्रगड पडला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडला. तेव्हा महाराजांनी तह पतकरला. त्यान्वये सालीना चार लक्ष होन उत्पन्नाचे २३ किल्ले मोगलांकडे गेले आणि एक लक्ष होन उत्पन्नाचे १२ किल्ले महाराजांकडे राहिले. गेलेल्या किल्ल्यांत पुरंदर, कोंढाणा व रोहिडा होते. आजच्या आकुर्डी–चिंचवडच्या पश्चिमेस पवन मावळात असलेले लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना आणि उत्तर कोकणातील माहुली, कर्नाळा व प्रबळगड हेही त्यांत होते. राजगड, तोरणा व रायगड राहिले. परंतु घाटमाथा व उत्तर कोकण यांना जोडणाऱ्या वाटा परक्या पहाऱ्याखाली गेल्या. हानी केवळ उत्पन्नाची नव्हती. राज्याची सलगताच तुटली होती.

काळाची निवड : आग्र्याहून सुटून आल्यानंतर (ऑगस्ट १६६६) महाराजांनी लगेच शस्त्र उपसले नाही. त्यांनी मोगलांशी पुन्हा समेट केला. १६६८ मध्ये औरंगजेबाने त्यांचा ‘राजा’ हा किताब मान्य केला. संभाजीराजांना मनसब व वऱ्हाडात जहागीर मिळाली आणि प्रतापराव गुजर व निराजी रावजी यांच्या हाताखालील मराठी पथके औरंगाबादेस मोगलांच्या चाकरीत राहिली. परिणामी सैन्याच्या एका भागाचा खर्च मोगली उत्पन्नातून भागला आणि महाराजांना राज्यकारभाराची घडी बसविण्यास अवधी लाभला. १६६९ मध्ये हा समेट डळमळीत झाला. मंदिरे पाडण्याचा बादशाही हुकूम निघाला. शिवाय आग्रा-भेटीसाठी दिलेली एक लक्ष रुपयांची उचल वऱ्हाडच्या जहागिरीतून वसूल करण्याची आज्ञा झाली. याच सुमारास दख्खनचा सुभेदार शाहजादा मुअज्जम आणि सेनानी दिलेरखान यांच्यात वितुष्ट वाढत होते. औरंगाबादेतील पथके परत आली आणि १६७० च्या प्रारंभी युद्धास तोंड लागले.

हल्ल्यांचा क्रम : प्रारंभ कोंढाण्यापासून झाला. हा गड राजगडावरून दिसतो आणि पुण्याच्या मैदानावर त्याची नजर असते. तो शत्रूकडे असेतो राजधानी व पुणे प्रांत यांपैकी काहीच सुरक्षित नव्हते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे याने निवडक मावळ्यांनिशी कडा चढून गड घेतला. या झुंजीत तानाजी व मोगल किल्लेदार उदेभान राठोड हे दोघेही पडले. मार्चमध्ये निळो मोरेश्वर याने पुरंदर जिंकला. पाठोपाठ कल्याण–भिवंडी, मे महिन्यात लोहगड आणि जूनमध्ये माहुली, कर्नाळा व रोहिडा ही स्थळे हाती आली. प्रथम राजधानीचा परिसर, मग घाटवाटा व त्याबरोबरच उत्तर कोकण, असा हा क्रम होता. पाच महिन्यांच्या आत तुटलेला दुवा पुन्हा जोडला गेला.

पद्धती : मराठ्यांजवळ वेढ्याच्या जड तोफा नव्हत्या आणि दीर्घकाळ वेढा घालून बसणे म्हणजे मोगल घोडदळाला मदतीस येण्याची सवड देणे होते. १६६० मध्ये चाकणचा लहानसा भुईकोट घेण्यास शायिस्तेखानाला ५६ दिवस लागले होते. साधनसंपन्न सैन्याला जो विलंब परवडला, तो मराठ्यांना परवडणारा नव्हता. म्हणून रात्रीचा छापा व अनपेक्षित बाजूने चढाई हा मार्ग त्यांनी निवडला. तसेच एकाच काळात अनेक ठिकाणी हालचाली करून, जयसिंगाप्रमाणे एका स्थळाभोवती सैन्य एकवटण्याची संधी त्यांनी मोगलांना मिळू दिली नाही. या पद्धतीत जोखीम मोठी होती. माहुलीवरील पहिला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड याने मोडून काढला व त्यात मराठ्यांची मोठी प्राणहानी झाली. तो पद सोडून गेल्यानंतरच मोरोपंत पिंगळे याने गड घेतला.

शत्रूच्या मुलखात युद्ध : किल्ले घेणे आणि ते राखणे यांसाठी द्रव्य हवे होते. १६६५ मध्ये उजाड झालेल्या आपल्या रयतेवर त्याचा भार टाकणे शक्य नव्हते. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. मोगलांच्या चौकशीत लुटीचा अंदाज सुमारे ६६ लक्ष रुपये असा निघाला. या धोरणाची किंमत सुरतेच्या नागरिकांनी व व्यापाऱ्यांनी मोजली. नंतर दीर्घकाळ तेथील व्यापार नुसत्या अफवांनीही बंद पडत असे. परतीच्या वाटेवर दाऊदखान कुरेशी आडवा आला. वणी–दिंडोरीच्या लढाईत (१७ ऑक्टोबर १६७०) त्याला थोपवून मराठ्यांनी लूट सुखरूप नेली. डिसेंबरात वऱ्हाडातील कारंजे लुटले गेले आणि जानेवारी १६७१ मध्ये बागलाणातील साल्हेर जिंकला गेला. युद्धाची आघाडी पुणे प्रांतातून दूर सरकली आणि मोगलांना स्वतःच्याच मुलखाच्या रक्षणात गुंतून पडावे लागले.

साल्हेरची लढाई : मोगलांनी साल्हेरला वेढा घातला, तेव्हा गड सोडून देणे किंवा खुल्या मैदानात लढणे हे दोनच पर्याय उरले. प्रतापराव गुजर व मोरोपंत पिंगळे यांनी १६७२ च्या प्रारंभी दोन बाजूंनी येऊन वेढा मोडला. इखलासखान कैद झाला; मराठ्यांकडील सूर्यराव काकडे पडला. घोडदळ व पायदळ यांच्या सहकार्याने मराठे मोगलांना मैदानातही हरवू शकतात, हे येथे सिद्ध झाले. त्यानंतर मुल्हेर मिळाला आणि त्याच वर्षी जव्हार व रामनगर घेऊन मोरोपंताने सुरतेची वाट मोकळी केली.

राखण व मर्यादा : स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस यानेही चौदाव्या शतकात इंग्रजांकडील किल्ले असेच रात्रीच्या छाप्यांनी घेतले, पण शत्रूला ते पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्याने एडिंबरोसारखे किल्ले पाडून टाकले. महाराजांनी याच्या उलट निर्णय घेतला. १६७१–७२ च्या सुमारास इमारतींसाठी एकूण १,७५,००० होनांची तरतूद करण्यात आली. तीत रायगडासाठी ५०,०००, सिंहगड व पुरंदर यांसाठी प्रत्येकी १०,००० आणि लोहगडासाठी ५,००० होन होते. गडाचा अधिकार हवालदार, सबनीस व सरनोबत यांच्यात विभागलेला असल्याने एकट्याच्या फितुरीने गड जाण्याचा धोका कमी झाला.

सर्वच उद्दिष्टे साध्य झाली नाहीत. दाऊदखान येताच जुन्नर–पारनेर भागातून मराठ्यांना मागे सरावे लागले आणि महाराजांचे जन्मस्थान शिवनेरी प्रयत्न करूनही त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. तथापि भावनिक मोल कितीही असले, तरी त्या एका गडापायी सारे सैन्य अडकवून ठेवण्यात आले नाही. या युद्धाने स्वराज्याचा गाभा सलग व सुरक्षित झाला. त्यामुळेच १६७३ मध्ये विजापूरकरांकडून पन्हाळा व सातारा घेणे आणि ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक करविणे शक्य झाले.